विमानाचा वैल

आई पहिल्यांदाच चेन्नईला आली होती. गावाकडे ती सगळ्यांना सांगायची, "पोरगा विमानात हाय." त्यापुढचं तिला सांगता येत नसे. घरातला पहिला पदवीधर मी, आणि ती पदवी तिच्या भाकऱ्यांवर झालेली. परत जाण्याआधी मी नेमकं काय करतो हे तिला कळावं, एवढंच माझ्या मनात होतं.

चेन्नईच्या गिंडी भागातल्या आमच्या छोट्या कारखान्यात विमानातल्या इलेक्ट्रॉनिक पेट्यांचं काम चालतं. चालू असताना त्या तापतात आणि ती उष्णता वाया जाते. म्हणून पेटी आणि तिच्याखालचा गार पत्रा यांच्यामध्ये आम्ही चपट्या चकत्या बसवतो. एक बाजू गरम, दुसरी गार राहिली की त्या थोडी वीज देतात. एखादा सेन्सर तेवढ्यावर चालतो. विमानाची तेवढी वीज वाचते.

आई आली त्याच आठवड्यात मी एका पेटीचा सगळा तळच चकत्यांनी भरून टाकला. आमच्या घरी निखारासुद्धा वाया जात नसे, मग इथली ऊब का सोडायची? वीज वाढली खरी, पण उष्णता अडून पेटीच बंद पडली. आमचे वरिष्ठ तंजावरकडच्या मराठी घरातले; मला ते तमिळ पद्धतीने 'तंबी', म्हणजे धाकटा भाऊ, म्हणत. पेटीला हात लावून म्हणाले, "काय तंबी, चेन्नईत हिला स्वेटर घातलास?" सगळ्यांबरोबर मीही हसलो आणि अर्ध्या चकत्या काढल्या.

दुसऱ्या दिवशी पेटी नीट चालली, सेन्सरही. पेटी बंद पडल्याचं मी आईला आदल्या रात्री सांगितलं होतं. मी घरी येताच तिने विचारलं, "बरी हाय का तुझी पेटी?" जणू ती आजारीच होती.

मी तिच्याजवळ बसलो. "आई, आपल्या चुलीला बाजूचं दुसरं तोंड आहे ना, वैल? त्याला वेगळं सरपण घालतेस?"

"येडा का काय! भाकरीचाच जाळ तिकडं जातो. त्यावर आमटी उकळती."

"मी विमानाला तसा वैल बसवतो."

ती माझा हात हातात घेऊन बोटं चोळत राहिली.

जेवण झाल्यावर तिने गावाकडे मावशीला फोन लावला. "अगं, विमानाला वैल बसवतो त्यो!"

"विमानात चूल असती व्हय?" मावशीचा आवाज मलाही ऐकू आला.

"तुला न्हाई कळायचं," आई म्हणाली. "त्याला शिकावं लागतं."