टिकल्यांचा आलेख

आमच्या मंडळाच्या वार्षिक कार्यक्रमात दर वेळी एखाद्या तरुण मुलाचा किंवा मुलीचा सत्कार होतो. शाल, नारळ आणि मानपत्र. मी खजिनदार, त्यामुळे शाल आणि नारळ माझ्याकडे. मानपत्र कार्याध्यक्ष लिहितात. त्यांना सगळे आबा म्हणतात. आबांचं मराठी भरजरी आहे. हैदराबादेत उभं आयुष्य काढूनही त्यात एक दख्खनी शब्द शिरलेला नाही, आणि एक खरा आकडाही नाही. पहिल्या गोष्टीचा त्यांना अभिमान आहे. दुसरीवरून आमची भांडणं होतात.

गेल्या वर्षी सत्कारासाठी विद्यानगरच्या आमच्याच इमारतीतली एक मुलगी निवडली. वय एकोणीस. तिला जन्मापासून दिसत नाही. वडील नोकरीसाठी नांदेडहून इथे आले, ती इथेच वाढली, आता कॉलेजात संख्याशास्त्र शिकते. नववीत शाळेनं तिला गणिताऐवजी संगीत घे म्हणून सांगितलं होतं. अशी सवलत असते. तिनं ती घेतली नाही. पेपरातल्या आकृत्या हाताला लागतील अशा उठावाच्या हव्यात, म्हणून ती परीक्षा कार्यालयाला मेल पाठवत राहिली. शेवटी त्यांनी आकृत्या दिल्या, बहुधा कंटाळून. त्यानंतर तिनं न दिसणाऱ्या आणि कमी दिसणाऱ्या मुलांसाठी दर शनिवारी गणिताचा वर्ग सुरू केला.

आबांनी मानपत्राचा मसुदा माझ्याकडे तपासायला पाठवला. त्यात ‘हजारो तिमिरग्रस्त बालकांच्या जीवनात ज्ञानाची पहाट फुलवणारी दिव्य तेजस्विनी’ असं होतं. मी खाली जाऊन मुलीला विचारलं, वर्गात मुलं किती?

“अकरा,” ती म्हणाली. “त्यातली दोन समोशासाठी येतात.”

मी आबांना अकरा लिहायला सांगितलं. अकरा लिहिलं तर मानपत्राला शोभा येत नाही, असं त्यांचं म्हणणं. ते हजारोंवरून शेकडोंवर आले, मग डझनभरावर. मी अकरावरच राहिलो. शेवटी ते चिडून माझ्या घरी आले आणि आम्ही मुलीलाच वर बोलावलं.

तिनं मसुदा फोनवर घेतला आणि फोनकडून वाचून घेतला. तिचा फोन आपल्याला कळणारही नाही इतक्या वेगानं बोलतो. आबांचं दोन पानी गद्य, तेही हिंदी वळणाच्या यंत्राच्या आवाजात, माझा चहा निवायच्या आत संपलं. आबा थोडे खचले. मग तिनं दुरुस्त्या सांगितल्या. दिव्य काढा. तेजस्विनी काढा. “आणि आबा, मी पहाट वगैरे फुलवलेली नाही. मी मेल लिहिल्या. तेवढं लिहा.”

आबा मनानं चांगले आहेत. ते हसले, म्हणाले, तुझ्यासारखी जिद्द सगळ्यांत कुठून येणार, आमच्या नातीचंच बघ. त्यांची नात तेव्हा आठवीत होती. तिला फार कमी दिसतं. मोठं अक्षर डोळ्यांशी धरून वाचते, थोड्या वेळानं डोळे दुखायला लागतात. नववीत तिला संगीत घ्यायचं घरात ठरलं होतं आणि शाळेला तसं सोमवारी कळवायचं होतं. आमचा कार्यक्रम रविवारी.

“तिला विचारलंत?” मुलीनं विचारलं.

आबा म्हणाले, विचारायचं काय त्यात? पुढे आलेख काढायचे असतात. पोरीला ते दिसणार कसे, उगाच परेशानी. आबांच्या तोंडून ‘परेशानी’ ऐकून मी चपापलो. विषय त्यांना किती जवळचा होता, ते मला तेव्हा कळलं.

ते गेल्यावर मुलगी जायला उठली. मग म्हणाली, “काका, गणित शिकवते म्हणून आबा रविवारी माझं कौतुक करणार. आणि सोमवारी त्यांच्या घरातल्या पोरीचं गणित बंद करणार.”

सत्कार नाकारावा असं तिच्या मनात आलं होतं. मी म्हटलं, नाकारलास तर आबा नारळ दुसऱ्या कुणाला तरी देतील आणि सोमवार आहे तिथेच राहील. तिला ते पटलं. तिनं अट घातली, की सत्काराला उत्तर म्हणून भाषण करणार नाही, आलेख शिकवून दाखवणार. समितीतल्या एका उत्साही काकूंनी मग सगळ्या प्रेक्षकांच्या डोळ्यांवर पट्ट्या बांधायचं सुचवलं. मुलीनं नको म्हटलं. पट्टी बांधल्यावर माणसाला फक्त पट्टीचा त्रास कळतो, असं ती म्हणाली. काकूंनी पट्ट्या शिवायला टाकल्या होत्या, त्या त्यांना परत आणाव्या लागल्या.

आलेखासाठी ती टिकल्या वापरते. कपाळाला लावायच्या, मखमली. पुठ्ठ्यावर चिकटवल्या की बोटाला बिंदू लागतो, आणि अक्षांसाठी लोकरीचा धागा. आम्ही गौलीगुड्याजवळच्या बाजारात गेलो. चकचकीत प्लॅस्टिकच्या टिकल्या तिनं बोट फिरवून बाजूला सारल्या, मखमली निवडल्या, मोठ्या वेगळ्या, बारीक वेगळ्या. दुकानदार माझ्याकडे बघून म्हणाला, “इत्ते टिकलियाँ? घर में शादी है क्या साब?”

“नै भाई,” तीच म्हणाली, “गणित है.”

दुकानदारानं सहानुभूतीनं मान हलवली.

परतताना रिक्षात तिनं माझ्याकडे आकडे मागितले. खरे द्या, म्हणाली, बनवलेल्या आकड्यांचा आलेख बोटांना बेचव लागतो. मी तिला वार्षिक कार्यक्रमाला आलेल्या माणसांचे आकडे दिले, गेल्या सहा वर्षांचे. जेवणाची ताटं मीच मोजतो, त्यामुळे ते पक्के होते. देताना पुढचं काही माझ्या मनात नव्हतं, असं म्हणणं खरं होणार नाही.

रविवारी हिमायतनगरच्या सभागृहात आबांनी अहवाल वाचला. ‘कार्यक्रमाला मिळणारा प्रतिसाद वर्षागणिक वाढतो आहे,’ हे वाक्य मी मंडळात आल्यापासून ऐकतो आहे. ते दर वर्षी टाळ्यांत मंजूर होतं. मग मानपत्र. ‘अकरा विद्यार्थी’ हे शब्द आबांनी अकरा लाख असल्यासारखे म्हटले, आणि खरं सांगायचं तर शोभले.

मुलीनं अंगावरची शाल काढून टेबलावरच्या पुठ्ठ्यावर पांघरली आणि कुणीतरी पुढे या म्हणाली. अशा वेळी आबाच पुढे येतात. त्यांनी शालीखाली हात घातला.

“टिकल्या आहेत,” ते म्हणाले.

“कुठे चालल्या आहेत?”

आबांनी घाईघाईनं बोटं फिरवली. “वर चालल्यात.”

मग तिनं पहिल्या रांगेतून नातीला बोलावलं. कसं वाचायचं ते दोन वाक्यांत सांगितलं: आधी धाग्यांचा कोपरा शोध, मग डावीकडून उजवीकडे ये. नातीनं सावकाश बोट फिरवलं.

“खाली,” ती म्हणाली.

“तू उलटीकडून आलीस,” आबा म्हणाले.

“नाही आबा. खालीच. मध्ये एकदा थोडं वर आहे, मग परत खाली. शेवटी तर फारच.” मग तिनं मुलीला विचारलं, “हे काय आहे, ताई?”

“या कार्यक्रमाला आलेली माणसं. गेली सहा वर्षं.”

मग मागून कुणीतरी हसलं आणि सगळेच हसले. आबांनी माझ्याकडे पाहिलं. मी नारळाकडे पाहिलं.

आबांच्या जागी दुसरं कुणी असतं तर विषय बदलला असता. त्यांनी ध्वनिक्षेपक हातात घेतला आणि मुलीला विचारलं, “हिला हे कधी शिकवलंस?”

“आत्ता. तुमच्यासमोर.”

“म्हणजे हिला गणित...”

“मला नका विचारू आबा. तिला विचारा.”

आबांनी ध्वनिक्षेपक नातीसमोर धरला. “काय गं, संगीत की गणित?”

नात आधी लाजली. मग म्हणाली, “आबा, मला गाता येत नाही. तुम्हालाच वाटतं येतं.”

या वेळचा हशा थांबायला वेळ लागला. आबा मात्र उत्तरासाठी थांबले होते. नातीनं पुठ्ठ्यावर पुन्हा बोट ठेवलं. “हे जमतंय मला. पण शाळेत टिकल्या कोण लावून देणार?”

मुलगी काही बोलली नाही. तिनं उत्तर दिलं असतं तर आबा सुटले असते.

“मी लावीन,” आबा म्हणाले.

सोमवारी त्यांनी शाळेला गणित कळवलं. आता नात नववीत आहे, शनिवारी वर्गाला येते, आणि तिथे तिचं फारसं कौतुक होत नाही. चुकलेलं गणित पुन्हा करावं लागतं. आबा रोज संध्याकाळी चष्मा लावून पुठ्ठा घेऊन बसतात. त्यांची टिकली इकडेतिकडे लागते, आणि नात बोटानं तपासून ती उपटून परत देते. परवा त्यांचा फोन आला. उणे तीन कुठे लावायचं, वर की खाली?

मी म्हटलं, खाली.

“तुम्हाला सगळं खालीच दिसतं,” आबा म्हणाले, आणि फोन ठेवण्याआधी नातीला विचारून खात्री करून घेतली.