नाही म्हणणारा फोरमन

शुक्रवार, १४ नोव्हेंबर २०२५, सीब, ओमान. सकाळी घाल्याच्या चर्चमध्ये मिस्सा. हवा सुखाची, आज एसी लावला नाही. बाल्कनीच्या जाळीतून कबुतर आत शिरलं, माझ्या मुलाने, वॉरनने, हाकललं. दुपारी व्हॅलेंटाईन आणि त्याची बायको जेनेट सोहारहून आले, सुफियानच्या गाडीतून. संध्याकाळी अमेरिकेचा व्हिडिओ कॉल. तो सविस्तर लिहिते.

व्हॅलेंटाईन हा माझ्या मिस्टरांचा धर्मपुत्र, वसईजवळच्या गास गावचा. आयटीआयचा फिटर. मस्कतला नवा होता तेव्हा रुवीत एका खोलीत सात जणांबरोबर राहायचा आणि शुक्रवारी आमच्याकडे जेवायला यायचा. पहिल्याच वर्षी वर्कशॉपमध्ये त्याने सुपरवायझरला सगळ्यांदेखत सांगितलं की गिअर उलटा बसवलाय. गिअर उलटाच होता. पण व्हॅलेंटाईनला उन्हाळाभर गेटवर बसवलं. त्यानंतर तो कोणत्याही साहेबाला 'नाही' म्हणाल्याचं माझ्या ऐकण्यात नाही. पुढे सोहारला बंदर झालं, किनाऱ्यावर कारखाने उभे राहिले. तिथे ॲल्युमिनियमच्या तारा ओढून त्यांची केबल पिळणाऱ्या एका कंपनीत तो लागला, आणि हळूहळू फोरमन झाला.

आता ती जागा सुफियानला मिळणार आहे. सुफियान ओमानी, इथला सीबचाच. त्याला सगळं काम व्हॅलेंटाईननेच शिकवलं. देशातल्या नोकऱ्या देशातल्या मुलांना मिळाव्यात यात वावगं काही नाही, व्हॅलेंटाईननेही त्याबद्दल कधी तोंड वाकडं केलं नाही. अडचण वेगळीच होती. नोकरी गेली की व्हिसा जातो. डिसेंबरअखेर तिघांनाही निघावं लागलं असतं, आणि त्याच्या मुलीची, कॅन्डिसची, बारावीची परीक्षा फेब्रुवारीत सुरू होते. पोरीचं वर्ष बुडणार, एवढीच एक गोष्ट गेले दोन महिने त्या घरात बोलली जात होती.

कंपनीने एक वाट ठेवली होती. तिने अमेरिकेत साऊथ कॅरोलिना राज्यात एक बंद पडलेली कापडगिरणी विकत घेऊन तिथे केबलचा कारखाना टाकला आहे. तिथल्या नव्या लोकांना शिकवायला सोहारचा जाणता माणूस हवा होता. व्हॅलेंटाईन गेला, तर परीक्षा होईपर्यंत जेनेट आणि कॅन्डिसचा इथला व्हिसा कंपनी चालू ठेवणार. मात्र माणूस पसंत करायचा अधिकार तिथल्या मॅनेजरबाईंचा. इंग्रजी अडलं तर आधाराला मी असावी, म्हणून कॉल माझ्या घरून.

व्हॅलेंटाईन टाय लावून आला होता. कॅन्टीनमध्ये कुणीतरी त्याला सांगितलं होतं की त्या राज्यात आपल्या रंगाच्या माणसांना बसमध्ये मागे बसवतात. मी म्हटलं, ती गोष्ट साठ वर्षांपूर्वीची. जेनेट म्हणाली, "अहो, कंपनीच्या बसमध्ये इतकी वर्षं मागेच बसताय, झोप लागते म्हणून. तिथे काय नवीन होणार?" सुफियानला हे हिंदीत सांगितलं तेव्हा तोही हसला. हसला नाही तो व्हॅलेंटाईनच.

कॉल लागला. मॅनेजरबाईंचं नाव मिस गॅडसन. काळ्या वर्णाच्या, पन्नाशीच्या, केस बारीक कापलेले. पाठीमागे जुन्या विटांची भिंत आणि उंच खिडक्या दिसत होत्या. बाईंनी यंत्रांबद्दल पुष्कळ विचारलं आणि व्हॅलेंटाईनने न अडखळता उत्तरं दिली. मला एक शब्दही पुरवावा लागला नाही. मग त्यांनी विचारलं, साहेबाचं चुकतंय असं वाटलं आणि तुम्ही ते त्याला सांगितलं, असा एखादा प्रसंग सांगा.

व्हॅलेंटाईन ताठ बसला. "एकदाही नाही, मॅडम. सगळ्या नोकरीत एकदाही नाही."

गिअरची गोष्ट त्याने मुद्दाम गाळली, आणि मला उत्तर आवडलं. आमच्या कॉन्व्हेंटमध्ये उलट न बोलणाऱ्या मुलीला वर्षअखेरीस बक्षीस मिळायचं. पण मिस गॅडसननी चष्मा काढून टेबलावर ठेवला, आणि काहीतरी बिघडलं हे जेनेटला माझ्याआधी कळलं. तिने माझा हात धरला.

बाई शांतपणे बोलल्या. त्यांची आजी याच गिरणीत अंगण झाडायची. काळ्या माणसांना मागांपर्यंत जायला बंदी होती. कायदा बदलल्यावर त्यांच्या आईला माग मिळाला. आईने तीस-पस्तीस वर्षं कापड विणलं, मग काम आशियात गेलं, गिरणीला कुलूप लागलं आणि निम्मं गाव शहरांकडे निघून गेलं. आता राज्यात जर्मन, जपानी, कुठकुठले कारखाने आले आहेत. "विधानभवनासमोरचा, गुलामगिरीसाठी लढलेल्यांचा तो जुना झेंडा उतरवून दहा वर्षं झाली," त्या म्हणाल्या, "आणि ज्या दारातून माझ्या आजीला आत सोडत नव्हते, त्या दाराची किल्ली आज माझ्याकडे आहे. पण इथे युनियन नाही. कामावरून कुणालाही कधीही काढता येतं, म्हणून सगळे अजून 'येस सर'च म्हणतात. गेल्या महिन्यात एका पोराची दोन बोटं गेली. मशीनचं झाकण उघडं होतं, चार जणांनी पाहिलं होतं, एकानेही तोंड उघडलं नाही. येस म्हणणारी माणसं माझ्याकडे भरपूर आहेत, मिस्टर व्हॅलेंटाईन. त्यांत आणखी एक अमेरिकेत बोलावून मी काय करू?"

व्हॅलेंटाईनने माझ्याकडे पाहिलं.

सुफियान कोपऱ्यात कॉफी पीत होता. त्याने फिंजान खाली ठेवला आणि खुर्ची सरळ कॅमेऱ्यासमोर ओढली. इंग्रजीत म्हणाला की मी सुफियान, याची जागा मला मिळणार आहे, तेव्हा याची खोटी तारीफ करून माझा काही फायदा नाही. मग त्याने सांगितलं. नवा असताना अडकलेली तार सोडवायला तो चालत्या मशीनमध्ये हात घालणार होता. व्हॅलेंटाईनने लाल बटण दाबून मशीन बंद केली. ओरडला नाही, चूक काढली नाही. एवढंच म्हणाला, मशीन थकलीय, थोडी थांबू दे. असं पुढेही घडलं. एकदा जनरल मॅनेजर स्वतः उभे राहून वेग वाढवायला लावत होते, तेव्हाही मशीन अशीच थकली.

"पहिले सहा महिने मला वाटायचं, कंपनीने भंगार मशीन घेतलीय," सुफियान म्हणाला.

मिस गॅडसननी व्हॅलेंटाईनला विचारलं, हे खरं का?

"मशीन जरा गरम झाली होती, मॅडम."

"मशीन थंड होती, उस्ताद," सुफियान म्हणाला.

बाई हसल्या नाहीत. म्हणाल्या, इथे बटण दाबून भागणार नाही, तोंडाने सांगावं लागेल. आणि त्यांनी तिथल्या तिथे परीक्षाच घेतली. मालकांची इच्छा अशी की अर्धवट शिकलेली माणसं लावून दुसरी लाईन नाताळाआधी चालू करायची. त्या म्हणाल्या, मी तुमची साहेब आहे, मी सांगते की करू या. बोला.

जेनेटची नखं माझ्या मनगटात रुतली. त्या बाईला हो म्हटलं की सगळं संपणार, हे आम्हाला दिसत होतं. त्याच्या जिभेला मात्र ते एकच वळण होतं. त्याने टाय सैल केला, पाण्याचा घोट घेतला.

"नाही, मॅडम," तो म्हणाला. आवाज इतका बारीक की बाईंनी पुन्हा सांगायला लावलं. मग जरा मोठ्याने, "नाही. माणसं तयार नाहीत. कुणाचा तरी हात जाईल. मी लाईन चालू करू देणार नाही."

मिस गॅडसननी चष्मा पुन्हा डोळ्यांवर चढवला. "मालकांना मीही हेच लिहिलंय. दुसरं कुणीतरी हे म्हणणारं हवं होतं. सोमवारी कागद पाठवते. जानेवारीत थंडी असते, कोट घेऊन या."

कॉल संपल्यावर जेनेट स्वयंपाकघरात गेली आणि बराच वेळ नळ चालू होता. व्हॅलेंटाईन बसूनच राहिला, शर्ट घामाने चिकटलेला. तिथे पगार काय, राहायचं कुठे, यातलं काही विचारायचं राहून गेलं हे त्याला खूप नंतर आठवलं. कॅन्डिसला फोन लावला. ती सोहारला मैत्रिणीकडे अभ्यासाला राहिली आहे. म्हणाली, "म्हणजे मी बोर्ड इथेच देणार ना? मग ओके. आता ठेवू? फिजिक्स चाललंय." फोन ठेवल्यावर व्हॅलेंटाईन पहिल्यांदा मोकळं हसला.

सुफियान घरी जायला निघाला होता. आई जेवायला थांबली असेल म्हणत होता. जेनेटने त्याच्या हातातली गाडीची किल्ली काढून घेतली आणि हिंदीत बजावलं की जेवल्याशिवाय मिळणार नाही. त्याने आईला फोन करून कळवलं आणि मुकाट्याने बसला.

जेवायला तीन माणसं वाढली. भात दोनदा लावला.