सेम टू सेम

लातूरला आमच्या सोयाबीन तेलाच्या कारखान्यात तेल काढायला सॉल्व्हंट नावाचं द्रावण वापरतात. त्याची वाफ एका ठिणगीनं पेटते. म्हणून त्या भागात विजेची कुठलीही वस्तू बदलली की आधी तपासणी, मगच करंट. हातातली बॅटरीसुद्धा ठिणगी न उडणारी लागते; गेटवर तिच्यावरचा शिक्का बघतात.

तपासायला नांदेडहून एक साहेब यायचे. चहा नको म्हणायचे आणि मोटरीच्या तारा जोडायच्या पेटीचा एकेक बोल्ट बोटानं चाचपायचे, बाजारात वांगी निवडावीत तसा.

एकदा जळालेली मोटर बदलली होती. प्लांट बंद, मालक फोनवर तापलेले. मी म्हणालो, "साहेब, सेम टू सेम हाय. तीच कंपनी, तेवढीच ताकद."

"सेम हाय म्हनूनच लोक बघत न्हाईत," ते म्हणाले आणि पेटीच्या झाकणाच्या फटीत पत्र्याची पातळ पट्टी सरकवली. ती आत गेली. एक बोल्ट आखूड होता, झाकण नीट बसलंच नव्हतं; आतली ठिणगी बाहेर यायला तेवढी फट पुरे. दुसरा बोल्ट आणेपर्यंत त्यांनी सही केली नाही. एका बोल्टापायी अर्धा दिवस गेला, म्हणून मी मनात चरफडत राहिलो.

पुढच्या खेपेला गेटवर मोबाइल ठेवून ते आत आले आणि अर्ध्या वाटेतून माघारी फिरले. खिशातली बॅटरी काढून वॉचमनपुढे धरली. "ही बघून घ्या."

वॉचमन हसला. "साहेब, दर खेपेला हीच तर असती तुमच्याजवळ."

"ती बिघडली. ही नवी हाय," साहेब माझ्याकडं बघत म्हणाले, "सेम टू सेम."