मतपत्रिकेवर पाटणकर

मंडळातले किस्से फ्रीजरमधल्या खवलेल्या नारळासारखे असतात. लागेल तेव्हा काढू म्हणून एकेक डबा आत सरकवत जायचं, आणि एक दिवस बघावं तर फ्रीजरचं दारच लागत नाही! नेदरलँड्समधल्या आमच्या मराठी मंडळाने करोनाच्या दोन वर्षांत माझ्याकडे असे डबेच्या डबे भरून ठेवलेत. मार्गशीर्षात कुणाबद्दल वाईट बोलायचं नाही, असा माझा नेम होता. तो पार पडला, उद्यापनही झालं. म्हणून आता सांगते. वाईट म्हणून नाही हं, झालं तसं.

आधी एवढंच लक्षात ठेवा, की मंडळाच्या तीन शाखा आहेत: टिलबर्ग, बाडहूव्हडॉर्प आणि आमची न्यूनेन. अध्यक्ष तिन्हींचा मिळून एक. पण मतपत्रिका प्रत्येक शाखा आपली आपण काढते. सगळा घोळ तिथेच आहे.

*

दोन हजार एकवीसच्या जानेवारीत आमची पहिली ऑनलाइन निवडणूक झाली. सहा वर्षं अध्यक्ष असलेले हेमंत पाटणकर चार मतांनी पडले आणि टिलबर्गच्या विद्यापीठात संशोधन करणारी अनघा निवडून आली.

पाटणकर आमच्याच न्यूनेनचे, दोन गल्ल्या सोडून राहतात. माणूस तसा मदतीला धावणारा, पण हरायची सवय नाही. निकाल लागल्या लागल्या म्हणाले, "झूमने मतं खाल्ली! माझी हार झालेलीच नाही!"

आमचे हे मंडळाचे सचिव. ते शांतपणे म्हणाले, "अहो पाटणकर, मीटिंगचे होस्ट तुम्हीच होतात!"

*

त्याच महिन्यात तिकडे अमेरिकेत हरलेल्या बाजूचा जमाव संसदेवर चालून गेला होता. टीव्हीवर ते बघून मी हात जोडले आणि म्हटलं, देवा, आपली माणसं बरी.

पुढच्या रविवारांपैकी एका रविवारी संकष्टी होती. मी साबुदाणा परतत होते आणि दाराची बेल वाजली. बाहेर पाटणकर आणि त्यांच्यामागे अकरा जण! "मतमोजणीची वही आणि मंडळाचा शिक्का ताब्यात द्या. आजपासून कारभार आम्ही बघणार!"

बंडच की हो! पण तेव्हा सरकारी नियम असा होता, की घरात दिवसाला एकच पाहुणा. आणि आमची मंडळी नियम मोडणारी नाहीत. पाटणकर एकटे आत आले. बाकीचे अकरा जण सायकलच्या वाटेकडेने दीड-दीड मीटर अंतर ठेवून रांगेत उभे राहिले. थंडी मी म्हणत होती. मी त्यांना खिडकीतून चहा दिला.

आत पाटणकर ओरडायचे, "वही द्या!" हे म्हणायचे, "अनघाला देईन." तासाभराने मी पाहिलं, तर रांगेत बारा माणसं. शेजारच्या डच आजी काठी टेकत शेवटी येऊन उभ्या होत्या.

मी विचारलं, "आजी, तुम्ही कशा इथे?"

त्या म्हणाल्या, "लस इथे देतायत ना?"

*

वही मिळाली नाही, पण पाटणकरांनी व्हॉट्सअॅपचा ग्रुप घेतला. अॅडमिन तेच होते. अनघाला काढून टाकलं, नाव ठेवलं 'खरं मंडळ'. अनघाने दुसरा ग्रुप काढला. तीन आठवडे मंडळाला दोन अध्यक्ष होते.

नेमके दिवस संक्रांतीच्या हळदीकुंकवाचे. दोघांनीही एकाच दुपारी, एकाच वेळेला झूमवर हळदीकुंकू ठेवलं! कुठे जावं? कुणालाही दुखवायचं नव्हतं. सगळ्या बायकांनी एक लिंक लॅपटॉपवर लावली, एक फोनवर.

अनघाने शेवटी विचारलंच, "ताई, मी हळद म्हटलं की सगळ्या माझ्याकडे बघता, मग कुंकवाच्या वेळी माना कुठे वळतात?"

*

ते बंड आपोआप विरलं. पाटणकरांच्या माणसांना कंटाळा आला आणि ग्रुपवर नुसती सुप्रभात उरली. झाल्या प्रकाराबद्दल पाटणकर एक शब्द बोलले नाहीत. आणि वर्षअखेरीस पुन्हा निवडणूक आली, तर पहिला अर्ज त्यांचाच!

आता मंडळाच्या घटनेत एक कलम आहे: 'मंडळाविरुद्ध बंड करणाऱ्यास कोणतेही पद भूषवता येणार नाही.' बंड झालं की नाही हे कोणी ठरवायचं, ते मात्र लिहिलेलं नाही.

टिलबर्गने दुसऱ्याच दिवशी पाटणकरांचं नाव खोडलं. अनघा म्हणाली, "मतं मान्य नाहीत म्हणून जो वही हिसकायला येतो, त्याला पुन्हा मतं मागू द्यायची?"

पाटणकर कडाडले, "मी लायक आहे की नाही, ते मतदार ठरवतील! अध्यक्ष तिन्ही शाखांचा, मग एकटं टिलबर्ग कोण मला खोडणार?"

खरं सांगू? मला दोघांचंही पटलं. डोकं धरून बसले.

ह्यांनी घटना लिहिणाऱ्या जुन्या अध्यक्षांना पुण्याला फोन लावला. ते आता निवृत्त होऊन तिथे असतात. "काका, हे बंडाचं कलम तुम्ही कशासाठी घातलंत? तुमच्या मनात काय होतं?"

काका म्हणाले, "बंडाचं कलम? आहे का असं? अरे, दुसऱ्या एका मंडळाची घटना मी जशीच्या तशी उतरवली होती. वाचली कुणी होती!"

*

मग बाडहूव्हडॉर्पला विचारलं. तिथली आपली बरीच माणसं विमानतळावर आणि गोदामांत कामाला. त्यांचं एका ओळीचं उत्तर आलं: 'नाव ठेवतो. बंडाच्या दिवशी आमची शिफ्ट होती, त्यामुळे बंड झाल्याचं आम्हाला माहीत नाही.'

एक शाखा खोडते, एक ठेवते. राहिली न्यूनेन. आणि न्यूनेनची निवडणूक अधिकारी कोण? मी! त्याचीही गंमत. बैठकीत कुणी म्हणालं, "वहिनींना करा. त्या खोटं बोलणार नाहीत, उपास मोडेल त्यांचा!" झालं, हात वर. मला विचारतंय कोण?

माझी लेक इथेच वाढलेली. मराठी सगळं कळतं, उत्तर इंग्रजीत. तिला म्हटलं, "काय करू गं?"

"मॉम, चीटिंग केलं तर नेक्स्ट गेमला बॅन. सिंपल."

"आणि चीटिंग झालं की नाही, ते कोण ठरवणार?"

"रेफ्री."

"रेफ्री कोण?"

तिने मोबाइलमधून मान वर केली. "यू, मॉम. गुड लक!"

*

माझा जीव अडकला होता तो वेगळ्याच ठिकाणी. वृषालीमध्ये. वृषाली म्हणजे पाटणकरांची बायको. मला करोना झाला तेव्हा बरी होईपर्यंत रोज दारात डबा ठेवून जायची, मऊ भात आणि मेतकूट. मार्गशीर्षातले गुरुवार आम्ही दोघी मिळून करतो, एक घट तिच्याकडे, एक माझ्याकडे. नाव खोडलं तर ही मैत्रीण जाणार. ठेवलं तर टिलबर्ग फुटून निघणार, आणि दोन वर्षांच्या खंडानंतर हॉलमध्ये गणपती बसवायचं आमचं स्वप्न तिथेच संपणार.

दोन गुरुवार मी देवीपुढे बसून विचारलं. मग एक सुचलं. पाटणकरांना निरोप पाठवला: 'मागच्या निवडणुकीचा निकाल मला मान्य आहे, एवढं एक वाक्य लिहून सही करा. मी नाव ठेवते आणि टिलबर्गलाही समजावते.' माणूस चुकतो, पण कबूल केलं की पुढे जाता येतं, अशी माझी श्रद्धा आहे.

हे म्हणाले, "तू भोळी आहेस."

तिसऱ्या गुरुवारी, अर्ज छाननीच्या शेवटच्या दिवशी, वृषाली सायकलवरून आली. पिशवीत घटासाठी पाच फळं आणि एक बंद पाकीट. "ताई, लिहिलं हो त्यांनी! मी उघडलं नाही, पण रात्रभर बसून लिहिलंय. आता सगळं नीट होईल ना?" तिचे डोळे भरून आले होते. माझेही.

मी देवीला हळदकुंकू वाहिलं आणि पाकीट उघडलं. सुंदर अक्षर. 'मागील निवडणुकीचा निकाल मला पूर्णपणे मान्य आहे.' वळणदार सही. आणि सहीखाली:

'हेमंत पाटणकर, अध्यक्ष.'

मी तो कागद वृषालीपुढे धरला. तिने एकदा वाचला, चष्मा पुसून पुन्हा वाचला. मग मास्क काढून पर्समध्ये ठेवला.

"ताई, त्यांचा उमेदवारी अर्ज तुमच्याकडेच आहे ना? बघू जरा."

आमच्याकडे प्रत्येक अर्जाला एक सूचक लागतो. सूचकाची सही नसेल, तर अर्ज बाद. मी फाइल उघडून अर्ज तिच्यासमोर ठेवला. सूचकाच्या चौकटीत सही होती, 'सौ. वृषाली हेमंत पाटणकर'.

तिने माझ्या हातातलं पेन घेतलं, स्वतःच्या सहीवर सावकाश एक आडवी रेघ ओढली, अर्ज फाइलमध्ये परत ठेवला आणि पिशवीतली फळं काढत म्हणाली, "चला, घट मांडू या. आरतीला त्यांनाही बोलावते."