सोडलेली झील

सन एकोणीसशे सत्तावन्न. मी तीस वर्षांचा होतो. त्या वैशाखात पोखर्णीच्या जत्रेत मी स्वतःला तमाशाच्या फळ्यांवर पाहिलं, आणि माझ्या हातात शेंदराची पुडी होती.

माझी शाळा दुसरीपर्यंत, तीही निजामाच्या अमलात, उर्दूतून. मराठी अक्षरं मोठेपणी माझी मी शिकलो. लिहिण्यात चुका असतील. सांगण्यात नाहीत.

रझाकारांची दहशत संपली तेव्हा लोक गाण्याला भुकेले होते. आमच्या गावात आम्ही चौघांनी पार्टी काढली. एक म्हणणारा, एक ढोलकीवाला, एक तुणतुण्यावर आणि मी. माझ्याकडं डफ आणि झील. म्हणणाऱ्यानं कडव्याची शेवटची ओळ म्हटली की मागच्यानं ती उचलायची आणि लांबवायची, तेवढ्यात म्हणणारा दम घेतो. हीच झील. ती सोडली तर पुढचा माणूस उघडा पडतो.

गाणी माझी होती. मोट हाकताना, बैलांमागं चालता चालता जुळवायचो. म्हणणाऱ्याला मराठी लिहिता यायचं, म्हणून मी सांगायचो आणि तो वहीत उतरवायचा. त्याचा गळा मात्र असा, की ऐकताना मला माझंच गाणं नवं वाटायचं. हे मी त्याला कधी सांगितलं नाही.

दोन वर्षांत पूर्णेपासून परभणीपर्यंत आमचं नाव झालं. न्यायला गाड्या यायच्या, बैलांना झुली घालून. एका गावानं आमची तारीख मिळेना म्हणून लग्नाची तिथी पुढं ढकलली. बाया जात्यावर आमची गाणी म्हणायला लागल्या. मी एका दारापुढून जाताना ऐकलं आणि उन्हात तसाच उभा राहिलो.

शेवटच्या कडव्यात रचणाऱ्याचं नाव घालायची रीत आहे. सुरुवातीला माझं नाव असायचं. चौथ्या वर्षी एका गावात मी डफ वाजवतोय आणि त्याच जागी म्हणणाऱ्यानं स्वतःचं नाव घेतलं.

उतरल्यावर मी त्याला धरलं. "गानं कुनाचं हाय?"

"तुजंच हाय की. मी कुटं न्हाई म्हनलं?"

"मग नाव?"

"लोक मला वळखतेत, गड्या. तुजं नाव घेतलं की इचारतेत, ह्यो कोन? रंगाचा इस्कोट व्हतो."

ढोलकीवाला पान लावत होता. तो म्हणाला, "नवरी एक आन् बाशिंगं दोन! वाटून घ्या की रं."

ते दोघं हसले. मी हसलो नाही. त्या दिवसापासून गाण्यापुरतं सोडून मी म्हणणाऱ्याशी बोलणं टाकलं. माझा स्वभावच तसा. आजही आहे.

पुढं नदीपलीकडच्या एका पार्टीशी आमचा सामना ठरला. दुपारी, पारावर. सकाळी मी विहिरीवर तोंड धूत होतो तर म्हणणारा आला. गळ्याला उपरणं गुंडाळलेलं, डोळे लाल.

"गळ्यात काटे टोचायलेत," तो म्हणाला. "अंगात कनकन हाय. आज शेवटाला झील लांब धर. मला दम घ्यायला सापडंल."

"धरतो," मी म्हणालो.

धरणारच होतो. देवाशपथ. शेवटच्या कडव्यापर्यंत एकही ओळ मी खाली पडू दिली नाही. समोरची पार्टी थकलेली, लोक आमच्या बाजूनं झालेले. मग नावाची ओळ आली. त्यानं स्वतःचं नाव घेतलं आणि झिलीसाठी माझ्याकडं मान वळवली. माझं तोंड उघडलेलं होतं. मी ते मिटलं आणि डफ मांडीवर ठेवला.

ओळ तुटली की हार, हे त्याला ठाऊक होतं. त्यानं ती स्वतःच ओढली. एकट्यानं. मानेच्या शिरा तटतटल्या. धोतर टरकावं तसा आवाज फाटला आणि खोकला सुरू झाला. उपरण्यावर रक्ताचा ठिपका मी पाहिला.

तो आवाज परत आलाच नाही. वैद्य झाले, दवाखाना झाला. पार्टी मोडली. तो पूर्णेला रेल्वेत रुळांच्या कामावर लागला, तिथं फार बोलावं लागत नाही. लोकांत मात्र पसरलं, की त्याला कुणीतरी पानातून शेंदूर चारला. शेंदूर पोटात गेला की गळा कायमचा जातो, असं आमच्याकडं मानतात. कुणीतरी म्हणजे मी. चार वर्षं मी ते ऐकून घेतलं.

आणि मग पोखर्णीच्या जत्रेत एका तमाशाच्या फडानं आमच्याच पार्टीवर वग उभा केला. जत्रेच्या दुसऱ्या दिवशी गावासाठी फुकट होणारा हजेरीचा खेळ दिवसाउजेडी असतो, म्हणून सगळं लख्ख दिसत होतं. झुलीचे बैल झाले, लग्नाची तिथी झाली, लोक हसून लोळले. मीही हसलो, हे कबूल करतो. मग फडाचा सोंगाड्या माझं सोंग घेऊन आला, तिरळं बघत, आणि पानात पुडी रिकामी केली. बाया त्याला शिव्या द्यायला लागल्या.

शेजारी एक अनोळखी पाहुणा शेंगा खात होता. "कसला हलकट मानूस बगा!" तो मला म्हणाला आणि मूठ पुढं केली. "घ्या, खा. ह्यात शेंदूर न्हाई!"

मी शेंगा घेतल्या. खाता आल्या नाहीत.

शेवटी त्यांनी माझं गाणं म्हटलं, आमच्या म्हणणाऱ्याच्या नावासकट. सगळी जत्रा बरोबर म्हणत होती. तेवढ्यात समोरच्या लिंबाखाली तो दिसला. चार वर्षांनी. मी उठून उभा राहिलो. मला वाटलं, आता हा हात वर करील आणि सांगेल, शेंदूर नव्हता. त्यानं मला पाहिलं. हात वर केला नाही.

खेळ सुटल्यावर मी त्याला गाठलं. "का न्हाई बोललास? माजी इभ्रत गेली चार गावांत."

त्याचा आवाज वाळूत पाय घासल्यासारखा निघाला. "शेंदराचं मीच सांगितलं हुतं."

"तू?"

"लोक इचारायचे, गळा कशानं गेला. दोस्तानं झील सोडली, हे सांगायची मला लाज वाटली. शेंदूर बरा वाटला." फळ्यांकडं बोट करून तो म्हणाला, "आन् फळ्यांवर पुडी दावता येती. गप बसलेला मानूस कसा दावतील?"

 मी आवाज चढवला. उद्या फडाच्या सरदाराला धरतो, हा वग बंद पाडतो, असं दहा माणसांत बोललो. तो पूर्णेच्या वाटेनं निघून गेला. मागं वळला नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मी फडाच्या राहुटीवर गेलो. माणसं खुंट्या उपटत होती. सरदार दातण करत होता. "काय तक्रार हाय, पाव्हणं?" त्यानं विचारलं.

मी म्हणालो, "शेवटची वळ चुकायलीय तुमची. चाल तशी न्हाई."

त्यानं आपल्या म्हणणाऱ्याला हाक मारली. मी चाल सांगितली, नाव मात्र माझ्या दोस्ताचंच ठेवलं. म्हणणाऱ्यानं ती ओळ म्हटली आणि थांबला. मी ती उचलली, आणि माझा दम संपेस्तोवर धरून ठेवली.