लॉगबुकातून खोडलेली नोंद

लहान मुलांच्या हृदयाची शस्त्रक्रिया शिकायला मी नाशिकच्या एका हॉस्पिटलात होते. प्रशिक्षण संपत आलं होतं. शेवटच्या परीक्षेला बसायचं तर लॉगबुक द्यावं लागतं: स्वतःच्या हातानं केलेल्या शस्त्रक्रियांची नोंद. सोप्या किती, अवघड किती, हे ठरलेलं असतं. समोर उभं राहून मदत केलेली धरत नाहीत. नाजूक भाग आपण केला असेल तरच ती आपली. खाली मुख्य सर्जनची सही लागते.

आमचे मुख्य सर्जन मितभाषी होते. एका दुपारी ओपीडी आटोपल्यावर मी लॉगबुक घेऊन त्यांच्या खोलीत गेले. सर एकेक पान वाचून सही करत होते. एका नोंदीपाशी त्यांचं पेन थांबलं. निफाडकडच्या एका द्राक्षबागायतदाराची नऊ दिवसांची मुलगी. हृदयातून निघणाऱ्या दोन मोठ्या धमन्या जन्मतःच एकमेकींच्या जागी लागलेल्या. त्यांची अदलाबदल करायची, आणि हृदयालाच रक्त पुरवणाऱ्या, शेवयांएवढ्या बारीक धमन्या सोडवून नव्या जागी शिवायच्या. अवघड प्रकारातली माझी संख्या हिच्यामुळेच पुरी होत होती.

"ही तुझी नाही," सर म्हणाले.

मला वाटलं, त्यांना दुसरंच बाळ आठवतंय. मी त्यांना सगळं सांगितलं. डावी धमनी शिवताना दोरा गुंतला होता, तो सोडवेपर्यंत मी श्वास रोखून धरला होता, हेसुद्धा. त्यांनी ऐकून घेतलं, वाद घातला नाही. ऑपरेशन थिएटरच्या दिव्यात कॅमेरा असतो. त्यांनी त्या दिवसाचं रेकॉर्डिंग लावलं.

सुरुवातीला हात माझेच होते. छाती उघडली मी, हार्ट-लंग मशीनच्या नळ्या जोडल्या मी. मग सरांचा आवाज आला, "थांब. या बाजूला ये, मी घेतो." माझे हात निमूट पडद्याबाहेर गेले आणि टेबलाच्या पलीकडून परत आले. डावी धमनी सरांनी शिवली. उजवीही. दोरा गुंतला तो त्यांच्या हातात, सोडवलाही त्यांनीच. माझ्या हातात रक्त ओढून घेणारी सक्शनची नळी होती.

मी परत लावायला सांगितलं. तेच दिसलं. जागा बदलल्याचं मला आजही आठवत नाही. दोरा सोडवल्याची गोष्ट मी घरी आईला सांगितली होती, ज्युनियर डॉक्टरांना सांगितली होती. जाणूनबुजून थाप मारली असती तर खरं काय, हे निदान मला ठाऊक असतं.

"मी खोटं लिहिलं नाही, सर."

"माहीत आहे. म्हणूनच दाखवलं."

मी नोंद खोडली, त्यांनी शेजारी सही केली. परीक्षा वर्षभर लांबली. पुढचा आठवडाभर मी बाकीची रेकॉर्डिंगं तपासत बसले. आणखी एक नोंद तशीच निघाली. त्या दिवसांत कशावरच भरवसा राहिला नाही. गॅस बंद केल्याचं आठवायचं, तरी मी जिन्यातून परत वर जायचे.

महिन्याभरानं ती मुलगी तपासणीला आली. आता दीड वर्षाची, टेबलावरचा स्टेथोस्कोप ओढणारी. तिच्या आईनं सोबतच्या जावेला माझी ओळख करून दिली, "ह्याच मॅडमनी हिचं काळीज शिवलं." मी तिला थांबवलं. महत्त्वाचं काम सरांनी केलं, मी त्यांना मदत करत होते, एवढंच सांगितलं. गप्प राहिले असते तर कुणाला कळलंही नसतं.

"मग सरांना तर आम्ही नीट भेटलोच नाय," ती बाई म्हणाली. "कुठं बसतात ते?"

मी तिला त्यांच्या खोलीपर्यंत घेऊन गेले आणि बाहेर थांबले. दार उघडंच होतं. मुलीला खाली ठेवून ती सरांच्या पाया पडायला वाकली, सर खुर्चीतून गडबडीनं उठले. मुलीला कुणी उचलून घ्यावं ते कुणालाच सुचेना, म्हणून मुलगीच दाराशी माझ्याकडे आली.