शिंपल्याचा छोटा मंत्र

ताई गेल्याची बातमी मी कुणालाच सांगितली नाही. हे ऐकून आमच्या ओळखीची माणसं अजून चकित होतात, कारण आमच्या घरात बातमी पोचवायचं खातं माझ्याकडे आहे. कुणाचं लग्न जमलं, कुणाची बदली झाली, कुणाची म्हैस व्याली, सगळं माझ्याच तोंडून गावभर होतं. रविवारी टेनिस बॉलच्या स्पर्धा भरतात तिथे माईक माझ्या हातात असतो, आणि दोन चेंडूंच्या मध्येसुद्धा मी गप्प बसत नाही अशी खेळाडूंची तक्रार आहे. पण त्या सकाळी चौलच्या घरात मी ताईचा हात धरून नुसता बसून राहिलो आणि सगळे फोन शेजारच्या काकूंनी केले. माझ्या तोंडाला कुलूप होतं. ते ताईनंच घातलं होतं, आणि काढायचं राहून गेलं होतं…

हे नीट सांगायचं तर थळच्या आमच्या दोन खोल्यांपासून सुरुवात करावी लागेल. आबा खताच्या कारखान्यात पाळीवर जायचे. रात्रपाळी करून सकाळी घरी आले की भाकरी खाऊन बाहेरच्याच खोलीत आडवे व्हायचे. आई दुसऱ्यांच्या वाडीत कामाला. सुट्टीत घरात उरायचो आम्ही दोघं, शीलाताई अकरा वर्षांची आणि मी सहाचा. आबांची झोप मोडू द्यायची नाही ही ताईची जबाबदारी, आणि माझी टकळी तर कुत्रं चावल्यासारखी चालू. दुसरी एखादी बहीण असती तर धपाटे घातले असते. ताईनं माझ्यासाठी जादूगारांचं अख्खं राज्य उभं केलं.

समोरच्या समुद्रातल्या खांदेरी किल्ल्याच्या मागे एक बेट होतं म्हणे, फक्त जादूगारांना दिसणारं. तिथला थोरला जादूगार पाळीवर होता. रात्रभर समुद्र भरायचा, उतरवायचा आणि दिवसा घोरत पडायचा. "त्याची झोप मोडली ना नंदू, तर भरती चुकते. मग होड्या थेट आपल्या वट्यावर येतात," ताई डोळे मोठे करून सांगायची. उडायचे, गायब व्हायचे मंत्र त्या बेटावर होते, पण ते कपाटात कुलपात, आणि वरच्या साहेबाच्या सहीशिवाय मिळत नसत. मी फार मागे लागलो तर ताई म्हणायची, "अर्ज टाकलाय, बघू." पोरांना घरी न्यायला एकच मंत्र मिळायचा, सगळ्यात छोटा, सगळ्यात खालच्या फळीवरचा. समोरच्याच्या ओठांवर दोन बोटं टेकवायची आणि म्हणायचं, "मिट रे शिंपल्या, मिट." की झालं, जीभ बंद.

मंत्र छोटा असल्यामुळे त्याला पळवाटा पुष्कळ होत्या. हसू थांबत नसे, शिंक थांबत नसे, आणि मी हुं हुं करून अख्खं गाणं म्हणतो हे कळल्यावर ताईला बेटावरून नवा नियम आणावा लागला. पण त्यातली खरी गंमत वेगळीच होती. जीभ मिटली की कान मोठे होतात, असं ताई सांगायची. गप्प असताना जे जे ऐकू येईल ते लक्षात ठेवायचं. आबा उठले की ताई फळीवरचा साखरेचा अॅल्युमिनियमचा डबा काढायची, माझ्या जिभेवर चिमूटभर साखर ठेवून मंत्र उतरवायची आणि विचारायची, "सांग, काय काय ऐकलंस?" मी नेहमी पंख्यापासून सुरुवात करायचो, कारण आमचा पंखा तिसऱ्या फेरीला खट्ट करायचा. मग आबांचं घोरणं, मग सुकटीवर बसलेले कावळे, मग कारखान्याची लांबची घरघर. ताई सगळं मन लावून ऐकायची. माझं इतकं कुणीच ऐकलेलं नाही, माईक हातात आल्यावरही नाही.

ज्यानं मंत्र घातला त्यानंच तो उतरवायचा, हा नियम. पण ताईला पाण्याला जायचं असलं की ती आईच्या अंगठ्याला अंगठा लावून अधिकार देऊन जायची. आई बिचारी कामावरून दमून आलेली, तरी अंगठा पुढे करायची. "व्हय गो बाय, दे अधिकार. मंग जा पान्याला," म्हणायची.

तो मंत्र मी मोडला. ताई बारावीला असताना चाचणीत गणितात नापास झाली. ते तिनं फक्त मला सांगितलं, मंत्र घालून, की वार्षिकपर्यंत भरून काढते, तोवर गप्प राहा. मी चार दिवस राहिलो. पाचव्या दिवशी मामा जेवायला आला, "कसा काय अभ्यास?" म्हणाला, आणि माझ्या तोंडून ते निसटलं. आबा ओरडले नाहीत, नुसते ताटावरून उठले. दुसऱ्या दिवशी मी आपणहून ताईपुढे ओठ मिटून उभा राहिलो तर म्हणाली, "तुला आता लागायचा न्हाय तो." त्यानंतर तिनं माझ्यावर मंत्र कधी घातला नाही. माया तसूभर कमी झाली नाही, पण ते एक राहिलं, आणि मला ते आयुष्यभर टोचलं.

पुढे ताई लग्न होऊन चौलला गेली. भाऊजी लवकर गेले, त्यांची मुलगी प्रज्ञा तेव्हा तिसरीत होती. ताई अंगणवाडीत सेविका होती आणि तिथे तर तिनं मंत्राचा सुकाळ केला. पंचवीस पोरं एका वेळी मिटायची. एकदा पर्यवेक्षिका तपासणीला आल्या आणि दारातूनच मोठ्यानं हजेरी विचारू लागल्या, तर एक चिमुरडी उठली, त्यांना खाली वाकवलं आणि ओठांवर बोटं ठेवून मंत्र म्हणाली. बाई खरंच गप्प झाल्या. रजिस्टर तपासून होईपर्यंत खुणेनंच बोलल्या, आणि जाताना हात पुढे करून साखर मागून घेतली. ही गोष्ट सांगताना ताई हसून हसून पदरानं डोळे पुसायची.

यंदा तिचं पोट दुखायला लागलं. अलिबागला तपासण्या झाल्या आणि डॉक्टरांनी मला बाजूला घेतलं, तर ताई मागोमाग आत आली, म्हणाली, "मलाच सांगा." फार दिवस नव्हते. बाहेर बाकावर बसल्यावर ती पहिल्यांदा बोलली ती प्रज्ञाबद्दल. प्रज्ञा कोल्हापूरला नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला, परीक्षा तोंडावर. "शेवटचा पेपर होईस्तवर तिला कळता कामा न्हाय. ती सगळं टाकून येल."

"ताई, मला जमायचं नाही हे. तुला माहीत आहे मी कसा आहे."

मग त्या गर्दीत, केस पांढरे झालेल्या माझ्या ओठांवर तिनं दोन बोटं टेकवली. "मिट रे शिंपल्या, मिट." इतक्या वर्षांनी. मी बाकावर बसून लहान पोरासारखा रडलो.

ते तीन आठवडे मी ताईकडेच राहिलो. प्रज्ञाचा रोज संध्याकाळी फोन यायचा. आईचं पोट दुखतंय एवढंच तिला ठाऊक होतं, पण पोरगी शिकलेली, नेमकं विचारायची. आई जेवते का, डोळे पिवळे दिसतात का. मी आंब्याच्या मोहोरावर बोललो, शेजारच्या कुत्रीच्या पिल्लांवर बोललो, त्या एका गोष्टीवर नाही. शेवटचा पेपर झाला त्या दुपारी ताईनं स्वतः तिला बोलावून घेतलं. मायलेकींना चार दिवस मिळाले… फक्त चार.

अंत्यविधी झाल्यावर प्रज्ञा मला म्हणाली, "मामा, मी परक्या पेशंटची सेवा करायला शिकत होते आणि तू मला माझ्या आईची करू दिली नाहीस." त्यानंतर ती माझ्याशी बोलेना. तिचं काही चुकलं नव्हतं. ताईनं सांगितलं होतं म्हणून, एवढं म्हटलं असतं तरी मी सुटलो असतो, पण गेलेल्या बहिणीवर ढकलायला जीभ उचलेना. आणि खरं सांगतो, मी बरोबर केलं की चूक, हे मला आजही कळलेलं नाही.

ताईच्या पुण्यानुमोदनाच्या दिवशी बुद्धवंदना झाली, जेवणं झाली, पाहुणे पांगले. मी चपला घालत होतो.

"मामा, थांब."

प्रज्ञा स्वयंपाकघरात फळीजवळ उभी होती. हातात तोच पोचे आलेला डबा, थळहून ताईबरोबर आलेला. तिनं चिमूट भरली.

"आईनं मला अंगठा दिला होता, शेवटच्या दिवशी. म्हणाली, मामाचा मंत्र उतरवायचा राहिलाय, त्यानं या वेळी मोडला न्हाय. मला राग होता म्हणून मीच इतके दिवस लावले. तोंड उघड."

मी उघडलं. जिभेवर साखर विरघळली. मग तिनं डब्याचं झाकण लावलं आणि माझ्यासमोर जमिनीवर मांडी घालून बसली.

"आता सांग. त्या तीन आठवड्यांत काय काय ऐकलंस?"

मी चपला काढल्या, तिच्यासमोर बसलो, आणि पंख्यापासून सुरुवात केली.